‘शेवट पटला नाही’ याच्या पुढचे वाक्य

प्रश्न : मी एका रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते. वाचनाची आवड जुनी आहे, पण वाचलेल्या पुस्तकांवर वहीत काही लिहून ठेवण्याची सवय यंदाच लागली. गेल्या सहा महिन्यांत मी पाच पुस्तके वाचली आणि प्रत्येकाला दहापैकी गुण दिले. रहस्यकथेला सात : ‘छान आहे, पण शेवट पटला नाही; ज्या पत्रामुळे गुन्हेगार सापडतो ते शेवटच्या प्रकरणातच पहिल्यांदा समोर येते.’ आत्मकथनाला नऊ : ‘वडिलांच्या चष्म्याच्या प्रसंगाला रडू आले.’ (माझे वडील गेल्या वर्षी गेले.) त्या प्रसंगात लेखिका गेलेल्या वडिलांचा चष्मा उचलते, पुसते आणि होता तिथेच परत ठेवते. पुरस्कारप्राप्त अनुवादित कादंबरीला चार : ‘कंटाळवाणी, १४० पानांनंतर सोडली.’ कवितासंग्रहाला तीन : ‘समजल्या नाहीत.’ मानवी शरीरावरच्या पुस्तकाला आठ : ‘माहितीपूर्ण.’ आमच्या वाचकगटात ही वही वाचून दाखवल्यावर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “ही मते नव्हेत, या आवडीनिवडी आहेत.” ज्या मैत्रिणीने कादंबरी भेट दिली ती अभिप्राय विचारते आणि मी विषय टाळते. साहित्याचे शिक्षण न घेतलेल्या माझ्यासारख्या वाचकाने मत मांडावे का, आणि मांडायचे तर कसे?

ता. क. : शरीरावरच्या पुस्तकात ‘ओ निगेटिव्ह रक्तगटाच्या व्यक्तीला कोणाचेही रक्त चालते’ असे वाक्य आहे. मला ते चुकीचे वाटले, पण लेखक नामवंत आहेत, तेव्हा माझाच काही गैरसमज असेल.

उत्तर :

आपले पत्र मी दोनदा वाचले, आणि उत्तराची सुरुवात ताज्या कलमापासूनच करावी असे दुसऱ्या वाचनानंतर ठरवले. आपला कोणताही गैरसमज झालेला नाही. ओ निगेटिव्ह रक्तातील तांबड्या पेशी तातडीच्या प्रसंगी जवळपास कोणत्याही रुग्णाला देता येतात. मात्र त्या गटाच्या रुग्णाला स्वतःला ओ निगेटिव्ह रक्तच लागते, कारण त्याच्या रक्तद्रवात ए आणि बी या दोन्ही गटांच्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) असतात, आणि तो निगेटिव्ह असल्यामुळे पॉझिटिव्ह रक्तही त्याला सहसा देत नाहीत. कोणाच्याही तांबड्या पेशी चालतात तो गट एबी पॉझिटिव्ह. पुस्तकातल्या वाक्यात देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल झाली आहे, आणि कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांची मांडणी प्रसिद्ध केल्यानंतरच्या काळात जी गोष्ट पाठ्यपुस्तकांत आली, ती चुकवणे ही लहान बाब नाही. हे सारे मी आपल्याला सांगणे म्हणजे आपल्याच कामाचा धडा आपल्याला परत वाचून दाखवण्यासारखे आहे. तरीही ते सविस्तर लिहिले, कारण आपल्या संपूर्ण वहीतले सर्वांत भक्कम मत हेच आहे आणि नेमके तेच आपण वहीत न लिहिता पत्राच्या तळाशी, जवळजवळ माफी मागत लिहिले आहे. वहीत त्या पुस्तकासमोर काय आहे? ‘माहितीपूर्ण’ आणि आठ गुण.

असे का झाले असावे याचा थोडा विचार करू, कारण आपल्या बाकीच्या प्रश्नांची मुळेही तिथेच आहेत. लेखकाचे नाव मोठे होते, म्हणून आपण आपल्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला. नावाचा हा दाब फार जुना आहे आणि तो जाणकारांवरही पडतो. आय. ए. रिचर्ड्‌स या समीक्षकाने केंब्रिजमधील आपल्या विद्यार्थ्यांपुढे तेरा कविता कवींची नावे झाकून ठेवल्या आणि त्यांवर त्यांची मते लेखी मागवली. त्या लेखांवर आधारलेले त्याचे पुस्तक १९२९ मध्ये निघाले. नाव दिसत नाही म्हटल्यावर साहित्याचे रीतसर शिक्षण घेणारी ती मुले पार गोंधळली. मान्यवर कवींच्या रचना त्यांनी मोडीत काढल्या आणि सामान्य रचनांची तोंडभरून स्तुती केली. आपल्याकडचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आणि मला अधिक प्रिय आहे. जयंत नारळीकर खगोलशास्त्रज्ञ म्हणून ख्यातनाम झालेले असताना, १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी आपली कथा स्वतःच्या नावाने पाठवली नाही. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. परीक्षकांनी कथा वाचावी, नाव वाचू नये, एवढीच त्यामागची इच्छा होती. त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. एवढा मोठा माणूस नावाचा दाब दूर ठेवण्यासाठी इतकी खटपट करतो, तेव्हा वाचकाने तो दाब आपण होऊन अंगावर घेण्याचे कारण नाही.

आता ज्येष्ठ सदस्यांच्या शेऱ्याकडे येते. त्यांचे म्हणणे मी पूर्णपणे खोडून काढणार नाही, पण ते जिथे थांबले ती जागा मला मान्य नाही. ‘आवडले’, ‘रडू आले’, ‘कंटाळा आला’ हे मताचे पहिले टोक आहे. त्याखेरीज मत सुरूच होत नाही, आणि ज्या समीक्षेत लिहिणाऱ्याला काही वाटल्याचा मागमूसही नसतो ती वाचवत नाही. उणीव आहे ती पुढच्या वाक्याची. पुस्तकातल्या कोणत्या जागी असे वाटले आणि त्या जागी लेखकाने काय केले होते, हे सांगणारे ते वाक्य लिहिले, की दुसरा वाचक पुस्तक उघडून त्या पानावर जाऊ शकतो, आपल्याशी सहमत होऊ शकतो किंवा भांडू शकतो. रक्तगटाच्या वाक्याविषयी आपल्याला हे सगळे आपोआप सांगता येते : वाक्य कोणते, चूक कोणती, आणि ती चूक का. साहित्याचे शिक्षण तिथे लागले नाही. रोज नमुने तपासणाऱ्या माणसाला ज्या काटेकोरपणाची सवय असते ती लागली, आणि ती सवय कादंबरी हातात घेताना दाराबाहेर काढून ठेवावी असे मुळीच नाही.

गंमत अशी, की रहस्यकथेच्या बाबतीत ते पुढचे वाक्य आपण लिहिलेही आहे, पण त्याचे मोल आपल्याला जाणवलेले दिसत नाही. ‘ज्या पत्रामुळे गुन्हेगार सापडतो ते शेवटच्या प्रकरणातच पहिल्यांदा समोर येते’ ही निव्वळ नावड नव्हे, तो करारभंगाचा आरोप आहे. उकलीच्या रहस्यकथेत लेखक आणि वाचक यांच्यात एक अलिखित करार असतो : तपास करणाऱ्याला जे दिसेल ते वाचकालाही दिसेल. हा करार काहींनी लिहूनही काढला. रोनाल्ड नॉक्स या रहस्यकथाकाराने १९२९ मध्ये अशा कथांसाठी दहा नियम मांडले, त्यांतला एक हाच, की तपास करणाऱ्याच्या हाती लागलेला दुवा वाचकासमोर ताबडतोब मांडला पाहिजे. १९३० मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या, रहस्यकथाकारांच्या डिटेक्शन क्लबच्या सदस्यांना महत्त्वाचा दुवा वाचकापासून लपवणार नाही अशी शपथच घ्यावी लागे. त्याआधी, १९२६ मध्ये आलेल्या अगाथा ख्रिस्ती यांच्या एका प्रसिद्ध कादंबरीच्या शेवटावरून जो वाद पेटला तो याच मुद्द्यावरचा होता : लेखिकेने वाचकाला न्याय्य रीतीने चकवले की फसवले? ज्यांनी ती अजून वाचली नसेल त्यांच्यासाठी मी पुढे काही सांगत नाही. पण तिथे दुवे आधीपासून पानांवर होते आणि वाचकांनीच ते नजरेआड केले, असे मानणाऱ्यांच्या बाजूला मी आहे. आपल्या पुस्तकात दुवा पानांवर नव्हताच. तेव्हा ‘शेवट पटला नाही’ हे तीन शब्द पुसा आणि त्यांच्या जागी ‘लेखकाने निर्णायक पुरावा वाचकापासून लपवून ठेवला’ असे ठामपणे लिहा.

यातूनच गुणांचा प्रश्न निघतो. दहापैकी सात आणि दहापैकी तीन हे आकडे एका स्तंभात मांडले, की त्यांची वजाबाकी करता येते असा भास होतो. परंतु रहस्यकथेचे सात गुण कराराच्या पालनाचे आहेत, शरीरावरच्या पुस्तकाचे आठ माहितीच्या भरवशाचे असायला हवेत, आणि कवितांचे तीन तर खरे पाहता आपल्याच अस्वस्थतेचे आहेत. आपल्या प्रयोगशाळेत हिमोग्लोबिन आणि रक्तातील साखर यांचे आकडे एकाच एककात कोणी मोजत नाही. पुस्तकाने कोणता शब्द दिला होता आणि तो किती पाळला, हे त्या त्या प्रकाराच्या मापाने तपासावे. गुण द्यायचेच असतील तर रहस्यकथेची तुलना आपण वाचलेल्या इतर रहस्यकथांशी करून द्या. मला विचाराल तर वर्षभर ते देऊच नका, कारण आकडा एकदा लिहिला की मन पुढचे वाक्य लिहायला राजी होत नाही.

माहितीपर पुस्तकाविषयी एक साधी रीत माझ्या उपयोगी पडत आली आहे. ज्या विषयातले आपल्याला पक्के कळते ते प्रकरण आधी वाचावे. लेखक तिथे काटेकोर असेल तर अनोळखी प्रकरणांत त्याच्यावर थोडा अधिक विश्वास टाकता येतो, आणि तिथेच निष्काळजीपणा दिसला तर बाकीच्या प्रकरणांत सावध राहावे. एका चुकीने सारे पुस्तक निकालात काढण्याची गरज नाही. पण ज्या लेखकाने रक्तगटांचे कोष्टक ताडून पाहिले नाही, त्याने मूत्रपिंडाचे आकडे ताडून पाहिले असतील असे मी गृहीत धरणार नाही.

आता आत्मकथनाविषयी. पत्रातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला आणि त्याच्यावर मी सर्वांत जास्त रेंगाळले. वडिलांच्या निधनानंतर लेखिका त्यांचा चष्मा उचलते, त्याच्या काचा पुसते आणि तो पूर्वी होता तिथेच परत ठेवते. या प्रसंगाला आपल्याला रडू आले, आणि लगेच कंसात आपण स्वतःच्या वडिलांचा उल्लेख केला आहे. तो कंस मला फार बोलका वाटला. आपल्या मनात शंका आहे, की हे रडू पुस्तकाने आणले की माझ्या दुःखाने? आणि दुःखाने आणले असेल तर पुस्तकाला नऊ गुण देण्याचा मला अधिकार आहे का?

या प्रश्नावर दोन जाणत्या माणसांची उत्तरे वेगवेगळ्या दिशांना जातात. वर उल्लेखिलेल्या रिचर्ड्‌सने वाचकांच्या अडचणींची जी यादी केली, तिच्यात वाचकाच्या खासगी आठवणींची लुडबूड ही एक अडचण म्हणून नोंदवली आहे : कवितेतला प्रसंग बाजूला राहतो आणि वाचक स्वतःच्याच आयुष्यातल्या प्रसंगावर बोलू लागतो. उलट सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्त या काव्यमीमांसकाने ‘ध्वन्यालोक’ या काव्यशास्त्रीय ग्रंथावरील आपल्या भाष्यात सहृदय कोणाला म्हणावे हे सांगितले, तेव्हा दोन गोष्टी एकत्र गुंफल्या. काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याचा मनरूपी आरसा स्वच्छ झाला आहे आणि त्यामुळे वर्ण्य विषयाशी जो तन्मय होऊ शकतो, असा तो वाचक. आणि त्याच्या ठायी ‘स्वहृदयसंवाद’ घडतो, म्हणजे कवीने वर्णिलेल्याशी त्याचे स्वतःचे हृदय जुळते. येथे वाचकाचे हृदय ही अडचण ठरत नाही. त्यावाचून रसास्वादच संभवत नाही. मात्र आरसा पुसलेला असावा लागतो, कारण आरशावर आपल्याच बोटांचे ठसे असतील तर समोरचे रूप न दिसता ठसेच दिसत राहतात.

मी या दोघांनाही सोडू इच्छित नाही, आणि आपल्यालाही सोडावे लागणार नाही. एक करून पाहा. तो प्रसंग पुन्हा उघडा आणि वाचताना केवळ वाक्यांकडे लक्ष द्या. आपण पत्रात त्याचे जे वर्णन केले आहे त्यावरून दिसते ते असे, की लेखिकेने तिथे ‘दुःख’, ‘पोरकेपण’, ‘आठवण’ यांपैकी एकही शब्द वापरलेला नाही. तिने तीन क्रिया सांगितल्या : उचलला, पुसला, ठेवला. आता त्या चष्म्यातून कोणी पाहणार नाही, तरी काचा स्वच्छ केल्या गेल्या. आणि पुसल्यावर तो पेटीत न जाता नेहमीच्या जागी गेला, जणू वडील थोड्या वेळाने येऊन तो लावणार आहेत. ज्याचे वडील हयात आहेत अशा वाचकालाही ती जागा थांबवील, कारण काम लेखिकेच्या संयमाने केले आहे. आपल्या दुःखाने आपल्याला त्या जागेपाशी इतरांपेक्षा लवकर पोहोचवले, एवढेच. याच पुस्तकात आपल्याला रडू आले असेल अशी दुसरी एखादी जागा शोधा, जिथे लेखिकेने भावनेचे नाव घेऊन ती लांबवली आहे, आणि दोन्ही जागा शेजारी ठेवून पाहा. दुसरी जागा दुसऱ्या वाचनात फिकी पडली, तर तिथे केवळ आपली आठवण बोलत होती असे समजावे. वहीत दोन्ही लिहा. वडिलांचा उल्लेखही कंसातून बाहेर काढून स्वच्छ लिहा, कारण आपण कोणत्या काळात ते पुस्तक वाचले हे वाचकगटाला कळले, तर आपल्या मताचे वजन कमी न होता वाढेल.

कादंबरीविषयी मात्र मी आपल्याला थोडे अडवणार आहे. पुस्तक अर्धवट सोडण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले त्यांत पुस्तक पुरे न करण्याचा हक्क स्पष्टपणे दिला आहे, आणि पुरस्काराने तो हिरावला जात नाही. हरकत आहे ती ‘कंटाळवाणी’ या शब्दाला, कारण तो फारच थोडे सांगतो. काही घडत नाही म्हणून कंटाळा आला, की तेच ते पुन्हा सांगितले म्हणून? माणसे परकी वाटली म्हणून, की वाक्ये अडखळत चालली होती म्हणून? यातले शेवटचे कारण असेल तर आणखी एक शक्यता तपासावी लागते. आपण ती कादंबरी अनुवादात वाचली. एक अडाणी म्हातारी आणि एक प्राध्यापक अगदी सारख्याच वळणाने बोलत असतील, किंवा कर्मणी प्रयोगांची रांग लागलेली असेल, तर तो दोष मूळ लेखकाच्या पदरात टाकण्यापूर्वी थांबावे. दुसऱ्या एखाद्या भाषेत ती कादंबरी आपल्याला वाचता येत असेल तर त्याच प्रसंगाची दोन पाने तिथे वाचून पाहा. उत्तर तेवढ्यात मिळते.

माझ्या स्वतःच्या टिपणवहीत सव्विसाव्या वर्षी मी एका कादंबरीविषयी ‘यात काहीच घडत नाही’ एवढेच लिहून ती मिटली होती. सोळा वर्षांनी, घरातल्या एका दीर्घ आजारपणात, रात्री रुग्णाच्या उशाशी जागताना ती पुन्हा हातात आली. त्या रात्रींमध्ये माझ्याही आयुष्यात काहीच घडत नव्हते, औषधाची वेळ येत होती आणि जात होती, आणि ती कादंबरी नेमकी तशा वाट पाहण्याविषयीची आहे हे मला तेव्हा दिसले. जुने टिपण मी खोडले नाही. त्यातले निरीक्षण बरोबरच होते, कादंबरीत खरोखर काही घडत नाही. त्यावरून मी काढलेला निष्कर्ष तेवढा चुकला होता. त्याच्याखाली मी नवी तारीख घालून नवे मत लिहिले. आपणही प्रत्येक मतापुढे तारीख घालत जा, आणि या कादंबरीसमोर ‘पृष्ठ १४० पर्यंत’ असे स्पष्ट लिहा. जेवढे वाचले तेवढ्यापुरतेच मत देणारा वाचक, न वाचलेल्या शेवटावर बोलणाऱ्यापेक्षा अधिक ऐकून घेण्याजोगा असतो.

कवितांबद्दल थोडक्यात. ‘समजल्या नाहीत’ हा संग्रहावरचा अभिप्राय होऊ शकत नाही, कारण चाळीस-पन्नास कविता एकाच रीतीने न समजणे अशक्य आहे. साधा शब्दार्थही न लागणे ही रिचर्ड्‌सच्या यादीतली पहिलीच अडचण होती, तेव्हा त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्या संग्रहातली एकच कविता निवडा, शक्यतो ज्यातली एखादी ओळ न समजताही कानात राहिली आहे अशी. ती मोठ्याने वाचा, चार दिवस रोज एकदा. मग कोणता शब्द कोणत्या शब्दाशी जोडायचा हे लागते का ते पाहा, आणि जे काही लिहायचे ते त्या एका कवितेवर लिहा. तीन गुण तूर्त काढून टाका.

मैत्रिणीला टाळू नका. तिने विश्वासाने दिलेल्या पुस्तकाविषयी खोटे कौतुक करणे हा तिचा अनादर होईल, आणि नुसते ‘नाही आवडले’ म्हणण्याने संभाषण मिटते. तिला सांगा, की आपण १४० पानांपर्यंत पोहोचलात, अमुक जागी अडलात आणि अडण्याचे कारण हे असावे; मग तिला विचारा, की ती जागा तिने कशी ओलांडली आणि पुढे तिला काय सापडले. कदाचित ती एखादे पान उघडून दाखवील. ते पान वाचून पुस्तक पुन्हा हाती घ्यायचे की नाही ते ठरवा.

राहिले रक्तगटाचे वाक्य. त्याविषयी प्रकाशकाला पत्र लिहायला हवे, आणि ते लिहिण्यास आपल्याइतके योग्य त्या पुस्तकाच्या वाचकांत फार थोडे असतील. आवृत्तीचा क्रमांक, पृष्ठक्रमांक, छापलेले वाक्य जसेच्या तसे, दुरुस्त वाक्य आणि त्याचे दोन ओळींतले कारण एवढे त्यात असावे; आपण कोणते काम करता हेही लिहा. ‘माझा गैरसमज असेल’ हे वाक्य त्या पत्रात घालू नका.